हे श्रीमंतांचे चोचले नव्हेत!



राहाता तालुक्यातील आपल्यापैकीच एखाद्या घरची कन्या दहावी होताच म्हणते, "मी मानसशास्त्र शिकेन, हायस्कुलातील मुलांची खचलेली मने सावरणारी समुपदेशक होईन." तिला घरातून काय उत्तर मिळते? "हा काय धंदा झाला? डॉक्टर हो, तहसीलदार हो!" शेजारी पुस्ती जोडतो, "मनाचा आजार म्हणजे श्रीमंतांचे चोचले!"

राष्ट्रीय गुन्हे नोंदी ब्युरोच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील. सर्व राज्यांत हा आकडा सर्वाधिक. ही सारी श्रीमंतांचीच लेकरे होती काय?

शिष्यवृत्तीची यादी भर वर्गात वाचली जाते, तेव्हा ज्याची मान खाली जाते, त्याची जखम कोणी पाहावयाची? आपल्याच तालुक्यातील शिर्डीत २०१५ साली मोबाइलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून एका तरुण विद्यार्थ्याचा खून झाला. निषेध आपण केला. पण त्या दिवसापासून आपल्या मुलांच्या मनांत कोणते भय दडून बसले, हे आपण त्यांना कधी विचारले काय?

आणि आपला दोषही लपवू नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही मूल गप्प झाले, जेवेनासे झाले, की रात्रीच्या अंधारात देवऋषीकडे नेले जाते. गंडादोरा बांधून मन बरे होत नाही. त्याला ऐकणारा जाणकार माणूस लागतो आणि गरज पडल्यास डॉक्टर.

मानसिक उपचार ही कोणाची मेहेरबानी नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तो प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिला. तेव्हा पालकसभेत उभे राहा आणि विचारा, "आमच्या शाळेचा समुपदेशक कोठे आहे?" वर्षातून एक व्याख्यान झाले, असे सांगून कोणी आपली बोळवण करील, तर ती मान्य करू नका.

परंतु त्या खुर्चीवर बसणार कोण? ज्याने अपमान सोसला, त्याला दुसऱ्याचा अपमान समजावून सांगावा लागत नाही. म्हणून त्या मुलीला अडवू नका. तिला मानसशास्त्राची पदवी घेऊ द्या, पदव्युत्तर शिक्षण घेऊ द्या, समुपदेशनाचे रीतसर प्रशिक्षण घेऊ द्या. केवळ कळवळा पुरेसा नाही. विद्या हवी, आणि मुलाने विश्वासाने सांगितलेले जपण्याची शिस्तही हवी.

ती शिकून येईपर्यंत घरातील मूल खचलेले दिसले, तर त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐका आणि १४४१६ या सरकारी 'टेलि-मानस' क्रमांकावर विनामूल्य सल्ला घ्या. त्यात लाज कसली? लाज वाटावी ती आपल्या गप्प बसण्याची!