मोठा मासा, मध्यम पेटी आणि आपले मनगट



दोन वर्षांपूर्वी मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा कंबर धरून आले. पाण्याची बादली नेताना ओल्या फरशीवर पाय घसरला होता. पत्नीच्या निधनानंतर घर फार शांत झाले म्हणून मुलाने तीन फुटी मत्स्यपेटी आणून दिली होती आणि तीत दोन बोटांएवढी तीन ऑस्कर पिल्ले सोडली होती. वर्षभरात ती वीतभर झाली, पाणी वरचेवर गढूळ होऊ लागले आणि आजोबा रोज बादल्या वाहू लागले. सुदैवाने हाड मोडले नव्हते. मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, "डॉक्टर, मासे देऊन टाका असे सांगू नका. सकाळी माझी वाट पाहणारे तेवढेच आहेत."

मोठ्या माशाची त्यांची ओढ चुकीची नव्हती. मोतीबिंदू वा दृष्टिपटलाचा विकार असलेल्या डोळ्यांना इवलासा मासा दिसत नाही, संथपणे फिरणारा ठसठशीत मासा मात्र दिसतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भोजनगृहात मत्स्यपेटी ठेवल्यावर अल्झायमरच्या रुग्णांचे खाणे आणि वजन वाढल्याचे आढळले. मत्स्यपेटी हे औषध नव्हे, पण सोबत नक्कीच आहे.

चूक झाली ती निवडीत. दुकानात दिसते ते पिल्लू. आपण विचारायला हवे ते पूर्ण वाढीचे माप. हिशेब साधा ठेवावा: पेटीची लांबी माशाच्या पूर्ण लांबीच्या किमान सहापट असावी. म्हणजे तीन फुटी पेटीत सहा इंचांपर्यंतचाच मासा. ऑस्कर सुमारे फूटभर होतो. अरोवाना दोन फुटांहून अधिक वाढतो. 'शार्क' म्हणून विकला जाणारा पांगस तीन फुटांवर जातो. काच स्वच्छ करील म्हणून घेतलेला सकर मासाही फूट-दीड फूट होतो. गोल्डफिशला गार पाणी मानवते. आपल्याकडचा मे महिना त्याला जड जातो.

मग घ्यावे काय? तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटीत चार एंजल फिश शोभून दिसतात. त्यांच्या उंच परांना ती उंची उपयोगी पडते. किंवा चार-पाच पर्ल गुरामी घ्यावेत. हा चार-पाच इंचांचा शांत मासा पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो, त्यामुळे वीज थोडा वेळ गेली तरी तग धरतो. मुंबईच्या उबदार पाण्यात दोन्ही सुखाने राहतात.

आता काळजीवाहकांसाठी. या पेटीत सुमारे दीडशे लिटर पाणी मावते, म्हणजे दीडशे किलोचे ओझे. स्टँड भक्कम हवा. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. ते तीन बादल्या भरते, म्हणून ज्येष्ठांना उचलू न देता लांब नळीने थेट मोरीत सोडावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवणारे औषध टाकूनच नवे पाणी भरावे. हात घालण्यापूर्वी विजेचे बटण बंद करावे आणि फरशी लगेच पुसावी. हातावर जखम असेल तर हातमोजे घालावेत. या पाण्यातील एक जिवाणू त्वचेवर चिवट गाठी आणतो. अशी गाठ महिनाभर बरी होत नसेल तर 'घरी मासे आहेत' हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

विस्मरण असलेली व्यक्ती दिवसातून चारदा खाणे घालते आणि पाणी नासते. त्यासाठी आठवड्याच्या सात पुड्या बांधून, औषधांपासून दूर ठेवाव्यात. आणि नको झालेला मासा तलावात कदापि सोडू नये. सकर माशाने उजनीच्या जलाशयात मच्छीमारांना किती त्रास दिला आहे, हे आपण जाणताच.

आजोबांचे ऑस्कर बोरिवलीतील एका हौशी गृहस्थांच्या सहा फुटी पेटीत गेले. महिनाभर आजोबा माझ्यावर रुसले होते. परवा रक्तदाब तपासायला आले तेव्हा घड्याळाकडे पाहून लगबगीने उठले. घरी चार एंजल वाट पाहत होते. बादलीला मात्र त्यांनी दोन वर्षांत हात लावलेला नाही.