वाचणारी नात, उत्तर देणारी आजी



१ ऑक्टोबर हा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन. संयुक्त राष्ट्रसंघानं १९९० साली तो ठरवला. त्या दिवशी गावोगावी सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिलं जातं, 'ज्येष्ठ म्हणजे अनुभवाचं भांडार' असं प्रत्येक वक्ता सांगतो. मग सत्कारमूर्ती आजी शालीची घडी करून घरी जाते. त्या भांडारात काय आहे, हे तिला कोणी विचारलेलं नसतं.

म्हणून लहानथोर बायकांनी एकत्र बसून वाचायचं, ही कल्पना मला या सत्कारांपेक्षा फार मोलाची वाटते. 'आजी-नातींचं वाचन मंडळ सुरू करायचंय, काय वाचावं?' असं गटातल्या मैत्रिणी विचारतात, तेव्हा आनंद होतो. पण काय वाचावं याच्या आधी एक प्रश्न सोडवायला हवा. त्या बैठकीत आजी कोण म्हणून बसणार आहे? नुसती ऐकणारी, की वाचलेल्याला उत्तर देणारी?

हे सगळं मी खुलताबाद तालुका डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे, त्याला कारण आहे. याच तालुक्यातल्या वेरूळला सरकारनं 'पुस्तकांचं गाव' म्हणून निवडलं. ४ मे २०१७ रोजी सातारा जिल्ह्यातल्या भिलारमध्ये पहिलं पुस्तकांचं गाव सुरू झालं. लोकांनी आपल्या घरांतल्या खोल्या, ओसऱ्या पुस्तकांसाठी मोकळ्या केल्या. पुढे योजना वाढली, तेव्हा नव्या गावांत वेरूळचंही नाव आलं. लेणी पाहायला आलेल्या माणसानं दोन घटका पुस्तक हातात घ्यावं, ही कल्पना चांगलीच आहे. पण पाहुण्यांसाठी मांडलेल्या पुस्तकांपर्यंत वेरूळची, खुलताबादची, आसपासच्या वाड्या-तांड्यांवरची म्हातारी बाई कशी पोचणार?

आज पंचाहत्तरी-ऐंशीत असलेली मराठवाड्यातली बाई १७ सप्टेंबर १९४८ च्या, म्हणजे मराठवाडा निजामाच्या राज्यातून मुक्त झाला त्या दिवसाच्या आगेमागे जन्मली. १९५१ च्या जनगणनेत साऱ्या देशात शंभर बायकांमागे नऊ बायकाही साक्षर नव्हत्या. तिच्या वयाच्या मुलींना शाळेऐवजी शेण-पाणी, धाकटी भावंडं आणि लवकरच सासर मिळालं. तिला वाचता येत नाही हा तिचा कमीपणा नव्हे. गावानं आणि सरकारनं तिचं जे देणं दिलं नाही, ते अजून बाकी आहे.

आणि हेही पाहा, की थोरांचं बोलणं धाकट्यांनी लिहून ठेवण्याची रीत खुलताबादला नवी नाही. चौदाव्या शतकात सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब दिल्लीहून इकडे आले. १३३७ साली त्यांचं निधन झालं. त्यांचा दर्गा खुलताबादेत आहे. त्यांच्या बैठकीत काशानी घराण्यातले भाऊ बसत. गुरू काय बोलले, कोणी काय विचारलं, हे त्यांनी फारसीत टिपून ठेवलं. अशा ग्रंथांना मलफुजात म्हणतात. सहाशे-साडेसहाशे वर्षांनंतर अभ्यासक त्यावरून तो काळ उभा करू शकतात, कारण कोणीतरी शेजारी बसून लिहून घेतलं. त्याच काळात, त्याच गावात जात्यावर, चुलीपाशी बायकाही बोलतच असणार. त्यांच्या शेजारी मात्र दौत-लेखणी घेऊन कोणी बसलं नाही.

एक मोठा अपवाद याच भागातला आहे. संत बहिणाबाई १६२८ साली वेरूळजवळच्या देवगावला जन्मल्या. तिसऱ्या वर्षी त्यांचं लग्न तिशीच्या बिजवराशी लावून दिलं. तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला. हे सगळं त्यांनी स्वतःच्या अभंगांत सांगितलं आहे. अखेरच्या दिवसांत त्यांनी आपल्या मुलाला, विठोबाला, आपल्या आधीच्या बारा जन्मांची कहाणी सांगितली. ते जन्म खरे की खोटे हा वाद बाजूला ठेवू. मला त्यात दिसते ती म्हातारपणी मुलाला समोर बसवून, 'मी कोण होते ते ऐक' म्हणणारी आई. त्यांची समाधी वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला आहे. आपल्या किती गटांनी आपल्याच शेजारच्या या बाईचं आत्मचरित्र एकत्र बसून वाचलं आहे?

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचंही असंच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओठांवरची गाणी घरातल्या तरुणांनी, मुलगा सोपानदेव आणि भाऊबंदातले पितांबर चौधरी यांनी टिपली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली 'बहिणाबाईची गाणी' छापून आली. घरातल्यांनी वही काढली नसती, तर मराठीला त्यांचं नावही कळलं नसतं.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांसोबत एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतल्या वयस्क बायकांना भेटून, त्यांना बोलतं करून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली दिलं. म्हणजे वाट आपल्याच बायकांनी पाडलेली आहे. वाचन मंडळानं त्याच वाटेनं जायचं आहे.

इथे थोडं थांबून एका अडचणीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. 'आजीचं शहाणपण' हा शब्द फार गोड आहे, आणि म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. आजीजवळ १९७२ च्या दुष्काळाची आठवण आहे. खडी फोडून, माती वाहून तिनं बांधलेला पाझर तलाव कुठे आहे, कोणत्या विहिरीला मार्चनंतरही पाणी राहतं, हे तिला ठाऊक आहे. बाळंतिणीला काय द्यावं, कोणतं बी कसं राखेत ठेवावं, हेही ठाऊक आहे. पण त्याच आजीच्या तोंडून नातीला 'चार दिवस बाजूला बस' हेही ऐकावं लागतं. 'एक तरी मुलगा हवाच' हे तीच सुनेला सांगते. 'पोरगी वाढली, स्थळ पाहा' असं तीच मुलाच्या मागे लागते. जे तिच्यावर लादलं गेलं, तेच ती पुढे देते. अशा वेळी मंडळात बसून नुसती मान डोलवायची का?

नाही. पण नातीनं पुस्तकातलं ज्ञान आजीच्या अंगावर फेकायचं, असंही नाही. उपदेश आजीनं आयुष्यभर ऐकला आहे. आता तिला विचारायचं आहे. बहिणाबाईंच्या लग्नाचा भाग नववीतल्या मुलीनं मोठ्यानं वाचावा आणि थांबून विचारावं, 'आजी, तुझं लग्न झालं तेव्हा तू किती वर्षांची होतीस? तुला काय वाटलं होतं?' पहिल्यांदा उत्तर येईल, 'तेव्हा तसंच असायचं बाई.' घाई करू नका. दुसऱ्या, तिसऱ्या बैठकीत दुसरी कोणी आजी बोलेल. मग कळेल की सासरी आल्यावर रात्री आईसाठी रडू यायचं, अंगात ताकद नसताना पहिलं बाळंतपण आलं, ते मूल राहिलं नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभरातल्या जवळपास बावीस मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. कायद्याची पत्रकं आपण वाटतोच. पण ज्या घरात लग्नाचा निर्णय होतो, तिथे आजीच्या शब्दाला पत्रकापेक्षा जास्त वजन असतं. स्वतःची गोष्ट चारचौघीत एकदा बोललेली आजी नातीच्या पाठीशी उभी राहण्याची शक्यता कितीतरी वाढते. शहाणपण तिच्याजवळ आयतं ठेवलेलं नव्हतं, ते बोलता बोलता तिलाही सापडतं. माझ्या मते अशा मंडळाचा खरा उपयोग हा आहे.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या बायका गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. शिकवणारी तरुणी गावातलीच एक सून होती. घरी नातवंडं आजीचा अभ्यास घेत. ज्या घरात सासूनं बोलायचं आणि सुनेनं ऐकायचं अशी रीत, तिथे सून फळ्यापाशी उभी आणि सासू पाटीवर अक्षर गिरवते आहे, हा बदल लहान नाही. आपल्या वाचन मंडळात ही अदलाबदल दोन्ही बाजूंनी व्हायला हवी. अक्षर धाकटीकडून आणि अर्थ थोरलीकडून येईल.

आता कामाचं बोलू. पहिली गोष्ट चष्म्याची. मोतीबिंदू झालेल्या, नीट ऐकू न येणाऱ्या आजीला 'तुम्हाला वाचनाची आवड नाही' असं आपण म्हणून बसतो. मंडळाच्या आधी डोळ्यांची तपासणी करून घ्या. जागा अशी निवडा जिथे सगळ्या जातीधर्मांच्या बायका संकोचाशिवाय येतील. देऊळ नको, दर्गाही नको. अंगणवाडी, शाळेची ओसरी चालेल. वेळ आजीच्या सोयीनं ठरवा, आणि सुनेला घरकामातून सवड मिळेल हेही बघा. नाहीतर आजी आणि नात वाचत बसतील आणि मधली भाकऱ्या थापत राहील.

वाचन मोठ्यानं, एका वेळी वीस मिनिटांहून जास्त नको. भाषा एकच नको. खुलताबादेत घरात उर्दू-दखनी बोलणाऱ्या कितीतरी बायका आहेत. दखनीत सूफींची 'चक्कीनामे' म्हणून जात्यावरची गाणी होती, मराठीत ओव्या आहेत. जातं दोन्हीकडे तेच. एका बैठकीत दोन्ही भाषांतली जात्यावरची गाणी आठवून म्हणायला सांगा, मग बायकांना एकमेकींच्या घरात शिरायला पुस्तकाचीही गरज पडणार नाही.

मराठवाड्यातल्या अनेक गावांत दिवाळीच्या सुमाराला आईबाप ऊसतोडीला जातात आणि मागे आजी नि नातवंडं उरतात. उन्हाळ्यापर्यंत घरात तीच दोन वयं असतात. मुलं शाळेत टिकावी म्हणून आपण धडपडतो, पण त्यांना सांभाळणाऱ्या आजीकडे आपलं लक्ष नसतं. त्या पाच-सहा महिन्यांत संध्याकाळचं वाचन सुरू झालं, तर मुलाच्या अभ्यासाला सोबत मिळेल आणि आजीच्या एकटेपणालाही.

वही हवीच. आजी जे सांगेल ते मुलींनी तिच्याच शब्दांत लिहावं, सुधारून नको. लिहिलेलं तिला वाचून दाखवावं. 'हे ठेवू का? नाव घालू का?' असं विचारावं. ती नको म्हणाली तर पान काढून टाकावं. तिच्या आयुष्याची मालकी तिची आहे, मंडळाची किंवा आपल्या मासिक-त्रैमासिकांची नाही. वहीची एक प्रत तिच्या घरात राहू द्या.

आणि शेवटची, पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. महिन्यातून एक बैठक कागद वाचण्यासाठी ठेवा. आजीच्या ट्रंकेत, पिशवीत जपून ठेवलेले कागद असतात. सात-बाराचा उतारा, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक. कितीतरी कागदांवर तिनं अंगठा दिलेला असतो, आणि त्यात काय लिहिलं होतं हे तिला कोणी वाचून दाखवलेलं नसतं. हक्कसोडपत्रावरचा अंगठाही त्यातच सापडतो. श्रावणबाळ योजनेचं अनुदान २०२३ साली दरमहा १००० वरून १५०० रुपये झालं. ते तिच्या खात्यात येतं का, आणि आलं तर काढतं कोण, हे पासबुक वाचल्यावर कळतं. मुलं सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्यानं पोटगी मागता येते, हेही तिथेच वाचून सांगता येईल. जी नात कविता वाचते, तिनं उतारा वाचायलाही शिकावं. त्यातून तिला हेही दिसेल की आजीनं आयुष्यभर राबलेल्या जमिनीवर आजीचं नाव नाही. मग तिचं स्वतःचं नाव कुठे लागायला हवं, हा प्रश्न तिला आपोआप पडेल.

पहिल्या बैठकीला चौघीच आल्या तरी चालेल, सहा महिने मात्र नेटानं चालवा. आणि तुमच्याकडच्या आजीनं वाचलेल्या गोष्टीला काय उत्तर दिलं, तिनं कुठे भांडण काढलं, कुठे ती गप्प झाली, ते आम्हाला जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्या उत्तरांसाठी जागा राखून ठेवते आहे.