विश्लेषण : ऑफिसमधली हवा आजारी पाडते का?

दुपारनंतर डोके जड होते, डोळे चुरचुरतात, घसा कोरडा पडतो आणि घरी गेल्यावर तासाभरात बरे वाटते. याचे खापर सहसा कामाच्या ताणावर फोडले जाते. पण कारण हवेतही असू शकते. हिवाळ्यात मुंबई-पुण्याच्या बाहेरच्या प्रदूषणाची चर्चा होते. दिवसाचे आठ-नऊ तास ज्या हवेत जातात, तिची फारशी होत नाही.

‘सिक बिल्डिंग सिंड्रोम’ म्हणजे काय?

१९७३च्या तेलसंकटानंतर वीज वाचवण्यासाठी अमेरिकेत इमारती अधिक बंदिस्त झाल्या. माणशी मिनिटाला १५ घनफूट ताजी हवा घेण्याचे प्रमाण ५ घनफुटांवर आणले गेले. त्यानंतर कर्मचाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या. इमारतीत असताना त्रास, बाहेर पडल्यावर आराम आणि तपासणीत ठरावीक आजार न सापडणे, अशा स्थितीला हे नाव मिळाले. पुढे १९८९मध्ये हे प्रमाण पुन्हा वाढवण्यात आले.

एसी असताना हवा कोंदट कशी?

नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो. दहा जण बंद खोलीत बसले की उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड साठत जातो. बाहेर तो दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. आत तो सतत हजाराच्या वर राहत असेल, तर ताजी हवा कमी पडते आहे असा ढोबळ अर्थ घेतला जातो. म्हणजेच खोली थंड आहे, यावरून हवा ताजी असल्याचे ठरत नाही.

धोका कसा ओळखायचा?

पहिली खूण वेळेची. त्रास सोमवार ते शुक्रवार होतो आणि सुटीत थांबतो का? दुसरी खूण जागेची. एकाच कोपऱ्यातील अनेकांना तोच त्रास होतो का? मग आजूबाजूला पाहावे. छतावर ओलीचे डाग किंवा बुरशी, नवे प्लायवूडचे फर्निचर व ताजा रंग, कोंदट जागेतले झेरॉक्स मशीन, एसीच्या जाळीवरची धूळ हे सगळे संशयित. नव्या फर्निचरमधून निघणारे फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक मानले जाते.

जनरेटरचा धूर आत येत असेल, तर मात्र वाट पाहू नये. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो. अनेकांना एकाच वेळी चक्कर, मळमळ, डोकेदुखी सुरू झाली तर आधी सगळ्यांनी बाहेर पडावे.

एअर प्युरिफायर पुरेसा आहे?

नाही. तो धूलिकण अडवतो, पण कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही. खिडकी उघडली तर तो वायू कमी होतो, पण रस्त्यावरची धूळ आत येते. आपल्या शहरांतला खरा पेच हाच आहे. त्यावर टिकाऊ उपाय म्हणजे बाहेरची हवा गाळून आत घेणारी यंत्रणा. ती बसवणे एकट्या कर्मचाऱ्याच्या हातात नसते.

मग जबाबदारी कोणाची?

कारखान्यांत पुरेशा वायुविजनाची सक्ती १९४८च्या कारखाने कायद्यापासून होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत तो आणि इतर १२ कायदे एकत्र आले. सुरक्षित कार्यस्थळ देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. पण ‘पुरेसे’ म्हणजे किती, हा प्रश्न उरतोच. पीएम २.५ साठी २४ तासांची ६० मायक्रोग्रॅमची राष्ट्रीय मर्यादा बाहेरच्या हवेसाठी आहे. कार्यालयांतील हवेसाठी तसे बंधनकारक मानक नाही. आकडाच नसेल तर मोजणी होत नाही आणि मोजणी नसेल तर तक्रार ‘तुम्हालाच का त्रास होतो?’ या प्रश्नावर अडते. म्हणून त्रासाची तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवणे आणि सहकाऱ्यांसह लेखी तक्रार करणे, हा तूर्त सर्वात उपयोगी मार्ग आहे.