हाताचा अंदाज आणि मापाचा पाना

आमच्या वाचकांत ट्रॅक्टर, ट्रक व मोटारपंप दुरुस्त करणारे मिस्त्री बरेच आहेत. अंबड तालुक्यात अंकुशनगरच्या समर्थ कारखान्याचे गाळप सुरू झाले की ऊस ओढणारा ट्रॅक्टर एक दिवस उभा राहणेही मालकाला परवडत नाही. मग घाईत हेडचे बोल्ट अंदाजाने आवळले जातात, वर पान्याला पाईप लावून एक झटका. हेड गळू लागले की बोल पॅकिंगला! आमच्या मते दोष पुष्कळदा आवळणीचा असतो.

विमानाच्या इंजिनावर स्टार्टर, इंधनपंप, जनरेटर बसवताना अंदाज चालत नाही. बोल्ट आवळण्याच्या जोरापैकी सुमारे नऊ हिस्से डोक्याखालच्या व आट्यांतल्या घर्षणात जातात. बोल्टला ताण देतो तो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांना वापरला तर बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. लॉक नट असेल तर तो नुसता फिरवायला लागणारा जोर मोजून आकड्यात मिळवतात. पान्याला सरळ रेषेत जोड लावली तर आकडा घटवावा लागतो. १२ इंची पान्याला ३ इंचांची जोड असेल आणि नटावर १०० हवे असतील, तर पाना ८० वर लावायचा. इंच-पौंड आणि फूट-पौंड यांत बारा पटींचा फरक आहे, हेही ध्यानात असावे. आणि इंजिन बनवणाऱ्याच्या पुस्तकातला आकडा सर्वसाधारण तक्त्याच्या आधी.

मात्र नुसता पाना असून भागत नाही. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच हवेत उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले, तो वाचला. उड्डाणाआधी काच बसवताना मापाचे हत्यार वापरले होते. पण बोल्ट जुन्याशी नजरेने जुळवून घेतले होते. ९० पैकी ८४ बोल्ट बारीक निघाले.

आता खर्चाचे. मापाचा पाना महाग, ही तक्रार खरी आहे. पण शेजारच्या चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक घेतला तर एकावर भार पडत नाही. काम झाले की त्याचा आकडा खाली आणून ठेवावा, नट सोडायला तो कधीच वापरू नये आणि वर्षातून एकदा तपासून घ्यावा. उस्तादाचा हात आम्ही कमी लेखत नाही. पण तो हात शागिर्दाला देता येत नाही, आकडा देता येतो. नागपूरच्या मिहानमध्ये विमानदुरुस्तीचा कारखाना आहे. आपल्या गॅरेजमधला आयटीआय शिकलेला मुलगा तिथे गेला तर त्याला पहिल्या दिवसापासून मापानेच काम करावे लागेल.

आणखी एक सूचना. हेडच्या कामाच्या बिलावर आवळणीचा आकडा लिहावा. आठ दिवसांनी गिऱ्हाईक भांडायला आले तर दाखवायला दुकानदाराच्या हाती कागद राहतो, आणि मजुरीचे चार पैसे जास्त मागतानाही तोच उपयोगी पडतो.