मान आणि पान

फुलपाखराचे कौतुक सर्वांनाच असते. सुरवंटाचे मात्र क्वचितच कोणाला असते. २०१५ साली महाराष्ट्राने 'नीलवंत' या फुलपाखरास राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे महाराष्ट्र हे भारतातील पहिलेच राज्य होय. काळ्या पंखांवर निळी झळाळी मिरवीत नीलवंत बागेत शिरला, की पाहणाऱ्याची दृष्टी त्याच्यावर खिळून राहते.

परंतु नीलवंताची मादी अंडी घालते ती फुलांवर नव्हे, तर लिंबू-पपनसाच्या कुळातील झाडांच्या पानांवर. अंड्यातून निघालेला सुरवंट प्रथम पाखराच्या विष्ठेसारखा दिसतो. या सोंगामुळे शत्रू फसतात. पुढे तो हिरवा होऊन पानांत मिसळून जातो. माणूस मात्र चार पाने कुरतडलेली दिसताच कीटकनाशक फवारतो. मग फुलपाखरू यावे कोठून?

सुरवंट कोवळ्या रोपांचा पाला फस्त करतात, हे खरे. तेथे ते अलगद वेचून त्याच जातीच्या मोठ्या झाडावर सोडावेत. मोठ्या झाडास थोडी पाने गेल्याने फारसा अपाय होत नाही. रानातील अशी झाडे तर निरुपयोगी समजून मुळीच तोडू नयेत.

केवळ फुलझाडे लावून फुलपाखरांचे रक्षण होत नाही. फुले त्यांना मध देतात. वंश टिकतो तो पानांवर. शाळेच्या आवारात मुलांनी लिंबाचे एक झाड वाढवावे आणि त्यावरील सुरवंटांना अभय द्यावे. नीलवंताचा खरा मान तोच होय.