विमानाचा पाऊस आणि आपलें खाचर

भात पोटरींत यावें आणि भाद्रपदांत पावसानें आठ-दहा दिवस ओढ द्यावी, कीं पेण व रोहा तालुक्यांतूनही ‘सरकारनें विमानें पाठवून पाऊस पाडावा’ असें बोलणें सुरू होतें. ही मागणी करण्यापूर्वी ढगांत पाऊस बनतो कसा, हें वाचकांनीं समजून घ्यावें अशी आमची विनंती आहे.

हवेंतील वाफेस थेंबाचें रूप घेण्यासाठीं धुळीचा, धुराचा किंवा समुद्रांतून उडालेल्या मिठाचा सूक्ष्म कण आधारास लागतो. असा ढगांतील थेंब सुमारे ०.०२ मिलिमीटर व्यासाचा असतो. तो सेकंदास जेमतेम एक सेंटिमीटर खालीं येतो. म्हणून वर चढणारी हवा त्यास सहज तोलून धरते. २ मिलिमीटरचा पावसाचा थेंब होण्यास असे दहा लक्ष थेंब एकत्र यावे लागतात. कांहीं थेंब इतरांहून मोठे झाले, म्हणजे ते वेगानें पडतां पडतां लहानांस आपणांत मिळवून घेतात. सर्वच थेंब सारखे बारीक राहिले, तर ढग नुसता तरंगत जातो.

विमानांतून क्षारांचे कण सोडतात, ते हे मोठे थेंब तयार व्हावे म्हणून. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें २०१८ व २०१९ सालीं सोलापुराकडे असे प्रयोग केले. त्यांत सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रांत पाऊस १८ टक्के वाढल्याचें आढळलें. त्या पर्जन्यछायेच्या मुलखास हा उपाय मिळावा. त्यास आमचा विरोध नाहीं. परंतु आपल्याकडे मीठ अरबी समुद्र पुरवितो व वाफ सह्याद्री वर चढवितो. भरलेला ढग येथें बहुधा आपण होऊनच बरसतो. ओढीच्या दिवसांत उणीव असते ती भरलेल्या ढगाचीच. आणि जो ढग नाहीं त्यांत क्षार सोडून काय होणार?

वर्षास सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस धरला, तर एका एकरावर एक कोटी वीस लक्ष लिटर पाणी पडतें. त्यांतील बहुतेक खाडीस मिळतें आणि आपण आकाशाकडे पाहत बसतों! हेटवण्याचें धरण पेण तालुक्यांतच आहे. घाटावरील मुळशीचें पाणी भिऱ्याची वीज करून कुंडलिकेंत उतरतें व डोलवहाल बंधाऱ्यावरून कालव्यांत जातें. तेव्हां मागणी करावयाची ती ही कीं, ओढीच्या वेळीं भातास एक पाळी मिळावी व ती शेवटच्या खाचरापर्यंत पोहोंचावी. कालवा जेथें नाहीं तेथें वरकस जमिनींत शेततळें काढावें.

येत्या ज्येष्ठापूर्वी प्रत्येकानें आपले फुटके बांध नीट करावे आणि गांवानें मिळून पाण्याची मागणी लेखी द्यावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.