मिशनच्या शाळा व आपले ऋण

“मिशनऱ्यांनी शाळा काढल्या त्या बाटविण्यासाठी,” हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजतेने उच्चारले जाते की, त्यापुढे विचार करण्याचे कारणच कुणास उरत नाही. वाक्य सर्वस्वी खोटे नव्हे. त्या शाळांतून बायबल शिकविले जाई आणि मिशनऱ्यांनी आपला हेतू लपविलाही नाही. परंतु आमिषाकडे धावतो तो उपाशी मनुष्य. त्यास उपाशी कोणी ठेवले, हा प्रश्न मात्र आपण सोयीस्करपणे टाळतो.

उत्तरासाठी दूर जावयास नको. १८५६ साली आपल्या शेजारच्या धारवाडात एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला व तो नाकारला गेला. मुंबई सरकारकडे अर्ज गेला, तेव्हा एका मुलासाठी बाकीच्यांचा रोष कशास ओढवून घ्या, असा विचार करून सरकारनेही हात झटकले. पुढे १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व जातींस खुल्या असल्याचा निर्वाळा दिला. पण कागदावरील निर्वाळा मुलाला वर्गात नेऊन बसवीत नाही!

त्याच काळात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार मुलींच्या शाळा चालवीत होत्या. १८२७ च्या अखेरीस त्या मुंबईस आल्या, १८३९ साली नगरास गेल्या आणि १८६२ मध्ये तेथेच निवर्तल्या. या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या, आणि १८४८ साली पुण्यात त्यांनी स्वतः मुलींची शाळा काढली. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. म्हणून काही ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला. विद्या दिल्यावर विद्यार्थी कोणत्या वाटेने जाईल हे देणाऱ्याच्या हाती राहत नाही, आणि विद्येचा मोठेपणा मला तरी यातच दिसतो.

फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीने महारमांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ साली छापला कोणी? मिशनच्या ‘ज्ञानोदया’ने. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकारच नसेल तर आमचा धर्म तरी कोणता, असे ती मुलगी त्यात विचारते. आपल्या वार्षिकांतून ऋतूंवर व सहलींवर निबंध येतात (ते यावेतही), पण त्या वयात असा प्रश्न कितीजणांना सुचतो?

मिशनचे सारेच गोड होते असे मात्र नव्हे. १८५४-५५ मध्ये अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले आणि त्यांच्या धोरणापायी मिशनच्या इंग्रजी शाळा बंद पडल्या. शाळेपेक्षा धर्मप्रचार मोठा ठरला! ज्या घरांना इंग्रजीवाचून पुढची वाट नव्हती, त्यांचे काय झाले असेल याचा हिशेब सातासमुद्रापलीकडील कचेरीत कोण मांडणार? परक्या पैशावरील शाळेचे हे दुखणे आहे, आणि ते सांगितलेच पाहिजे. पण शाळा बंद केल्याचा दोष त्यांच्या माथी मारताना, आपण त्या मुलांसाठी तेव्हा किती शाळा उघडल्या होत्या तेही सांगावे लागेल.

मुक्ताचा निबंध आज छापील मिळतो. आमच्या वाचनालयात तो अवश्य असावा, आणि पुढील वर्षी निबंधस्पर्धेपूर्वी प्रत्येक वर्गात एकदा मोठ्याने वाचला जावा, अशी माझी चालकांना विनंती आहे.